मंडळीत नवं गीत रुजवायचं तर

पत्र: "नगर जिल्ह्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत सव्वाशे कुटुंबं आहेत. तरुण संघाचं काम माझ्याकडे आहे. गेल्या नाताळात आमच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं गीत कार्यक्रमात म्हटलं. टाळ्या पडल्या. पण नंतर एक ज्येष्ठ पंच सगळ्यांसमोर म्हणाले, 'हे सिनेमातल्यासारखं वाटतं.' तेव्हापासून तो मुलगा गायनमंडळात येत नाही. दुसरी एक मुलगी उत्तम चित्रं काढते, तिला आम्ही दर वर्षी थर्माकोलची गव्हाणी करायला लावतो. यंदा गीतलेखन आणि चित्रकलेची स्पर्धा घ्यावी असं मनात आहे. पंचांना कसं पटवू? पैसेही फारसे नाहीत."

प्रिय ताई, प्रभूमध्ये सलाम.

स्पर्धा घेऊ नका. स्पर्धेत पंधरा जण लिहितात, एकाला ढाल मिळते आणि चौदा जणांना आपलं कुठे चुकलं हे कधीच कळत नाही. परीक्षक निकाल देतात, दुरुस्ती सांगत नाहीत. जिंकलेलं गीतही एकदा म्हटलं जातं आणि फायलीत जातं. तुमच्या मुलाचं नेमकं हेच झालं. टाळ्याही मिळाल्या, टोमणाही मिळाला, पण तिसऱ्या ओळीत चाल अडखळते की शब्द, हे कोणी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी ते गीत कोणाला लागणार होतं, असंही नव्हतं. ज्याची गरज नाही ते करत राहणं कोणत्याही वयात कठीण जातं.

म्हणून उपासनेतली एक जागा रिकामी करा आणि ती भरायचं काम नेमून द्या. बायबलमधल्या निर्गमाच्या ३१व्या अध्यायात देव बसालेल या कारागिराला नावाने बोलावतो तेव्हा त्याच्यापुढे कामाची यादी असते: कोश, मेज, दीपवृक्ष, वेदी, वस्त्रं. त्यांची मापं आधीच ठरलेली आहेत. पुढे ३५व्या अध्यायात त्याला आणि त्याचा सोबती अहलियाबला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली, असं लिहिलं आहे. कारागिराला मोकळं सोडण्याइतकंच त्याला माप देणं महत्त्वाचं असतं. ते आपल्या मंडळ्यांतून हरवलं आहे, आणि ते परत आणणं तुमच्या हातात आहे.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार हाती घ्या. दर रविवारी मेणबत्ती लावताना एकच नवं गीत म्हणायचं, चारही रविवार तेच. कामाला ऑगस्टमध्ये लागा, कारण नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला रविवार येतो आणि मधले महिने दुरुस्तीला लागतातच. काम सांगताना एका कागदावर लिहून द्या: शास्त्रपाठ लूक १:४६ ते ५५, म्हणजे मरीयेचं गीत, ध्रुपद आणि तीन कडवी, जास्त नाही, गाणार सगळी मंडळी, एकटा गायक नाही, पहिला खर्डा अमुक तारखेला, वाचणार अमुक दोन जण. "काहीतरी छान लिही" असं सांगितलं की पोरं इंटरनेटवरच्या गीतांची नक्कल करतात. चौकट दिली की त्यांना स्वतःचं काही शोधावं लागतं.

आता शब्दांकडे. नवख्याचा पहिला खर्डा बहुधा असा येतो: "प्रभू येशू तू महान आहेस, तुझे प्रेम किती अद्भुत आहे." यात खोटं काही नाही, पण ही बोलण्यातली वाक्यं आहेत, चालीवर नुसती टाकलेली. लांबवायचा सूर "आहेस"वर येतो आणि तिथे धरून ठेवण्यासारखं काही नसतं. महान, अद्भुत, अपार हे शब्द खोडायला सांगा आणि विचारा: लूकने काय लिहिलं आहे? भुकेलेले, धनवान, रिकामे हात, राजासनं. मग ते अभंगाच्या मापात बसवायला सांगा. मोठ्या अभंगाचं माप सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचं असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळायला हवं. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं. त्रेपन्नाव्या वचनावरून असं काही होऊ शकतं:

रित्या हातांवरी । ठेविली भाकरी ।
श्रीमंत कोठारी । उरे भूस ॥

बोटांवर मोजून पाहा. इथे महान कुठे नाही, अद्भुत नाही, पण देवाने काय केलं ते दिसतं. आणि शेवटच्या चार अक्षरांवर टाळ थांबतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात भूसच उरतं. असं एक कडवं लिहायला मुलाला तीन आठवडे लागले तरी लागू द्या.

एक चूक जवळजवळ प्रत्येक नव्या गीतात सापडते आणि जुनी माणसं ती ऐकून कानावर हात ठेवतात, पण ती नेमकी कोणती हे त्यांनाही सांगता येत नाही. ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर पडतं. "पिता"मधला पि ताणला की तो "पीता" होतो. "दिन" ताणला की "दीन". "देवसुत"मधला सु लांबवला तर देवाच्या पुत्राचं सूत होतं. उपाय सोपा आहे. चालीवर टाळी वाजवत शब्द नुसते बोलायचे. जिथे ऱ्हस्व अक्षर दोन मात्रा खातं तिथे पेन्सिलीने गोल करायचा. मग शब्द बदलायचा किंवा सूर आधीच्या अक्षरावर सरकवायचा. एका गीतात असे चारपाच गोल पडतातच. ते सुटले की निम्मी "सिनेमासारखी" तक्रार मिटते.

उरलेली निम्मी तक्रार चालीची. आधी मुलाला सरळ विचारा, ही चाल एखाद्या चित्रपटगीतावरून उचललेली आहे का? तसं असेल तर पंचांचं म्हणणं बरोबर आहे. डोळे मिटून प्रार्थना करताना नायक-नायिका डोळ्यांपुढे येणार असतील, तर ती चाल उपासनेत नको. शिवाय चालीचा हक्क दुसऱ्याचा असतो, तुमचा नाही.

चाल त्याचीच असेल तर पट्टी तपासा. चांगला गाणारा मुलगा आपल्या गळ्याला शोभेल त्या पट्टीत गातो, कीबोर्डवर एक बटण दाबलं की पट्टी वर जाते, आणि मागच्या बाकांवरचे काका-मावशा ध्रुपदाच्या दुसऱ्या ओळीला गप्प होतात. अख्ख्या मंडळीसाठी सा पांढरी दोनवर, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, धरा. चाल खालच्या पंचमापासून वरच्या सा पर्यंत ठेवा. वरच्या रे-गला एखादवेळी नुसता स्पर्श झाला तर चालेल, तिथे मुक्काम नको. बायका आणि पुरुष एकेका सप्तकाच्या अंतराने त्यात आरामात गातात. एकदम पाच-सहा सुरांची उडी घेऊ नका. ठेका आठ मात्रांचा केरवा किंवा सहा मात्रांचा दादरा, लय मिनिटाला ऐंशी मात्रांच्या आसपास. सुरुवातीचं वाजवणं आठ मात्रांत आटपा. तीस सेकंदांची धून वाजली की मंडळीला आपण कधी सुरू करायचं ते कळत नाही, आणि त्यांना वाटतं हे ऐकायचं गाणं आहे. कीबोर्डमधला तयार रिदम शक्यतो लावू नका. मंडळी वचनावर थोडी रेंगाळते, यंत्र थांबत नाही, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत दोघांची फारकत होते. ढोलकी किंवा तबला वाजवणारा माणूस थांबतो, सावरतो.

चाल पक्की करण्याआधी ती महिला मंडळाच्या सभेत वाद्यांशिवाय म्हणून दाखवा. कागद देऊ नका. ध्रुपद तीनदा म्हटल्यावर भगिनी आपणहून सामील झाल्या तर चाल चालली. त्या एकाच जागी दोनदा अडल्या तर ती जागा बदला. त्यांना दोष देऊ नका. ती जागाच अवघड असते. त्याच सभेत ज्येष्ठ भगिनींना जुन्या चाली म्हणायला लावा आणि मोबाईलवर टिपून ठेवा. पुस्तकात शब्द छापलेले असतात, चाल फक्त या गळ्यांमध्ये असते. मुलांना त्यातून जे मिळेल ते कुठल्याच क्लासमध्ये मिळणार नाही, आणि उशीर केला तर ते गळेही राहणार नाहीत.

आता पंच. "नव्याला वाव द्या" अशी मागणी घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. कोऱ्या कागदासकट जा आणि शास्त्रपाठ त्यांनाच निवडायला सांगा. मी वर लूकचा उतारा सुचवला, त्यांनी यशयाचा नववा अध्याय सांगितला तर तो घ्या. मग दोन वाचक नेमा: एक पाळकसाहेब, दुसरी मराठी चांगलं जाणणारी व्यक्ती, निवृत्त शिक्षिका असेल तर उत्तम. दोघांनी शब्द चाल लागण्याआधी वाचायचे, दहा दिवसांत, आणि लेखी शेरा द्यायचा. शेरा तीनच गोष्टींवर: वचनाला धरून आहे का, मराठी शुद्ध आणि सहज आहे का, सामान्य माणसाला म्हणता येईल का. "आवडलं नाही" हा शेरा धरायचा नाही. ओळीवर बोट ठेवून सांगावं लागेल. लिहिणाऱ्याला उत्तर द्यायची मुभा हवी, आणि चार रविवार झाल्याशिवाय "ठेवायचं की नाही" हा विषय कमिटीत आणायचा नाही. चालीनंतर शब्द बदलायला सांगितले तर सगळं मोडतं आणि लिहिणारा वैतागतो, म्हणून हा क्रम पाळाच.

ज्येष्ठांना आदराने एक आठवण द्या. ज्याला आपण जुनं, आपलं म्हणतो ते सगळं एकेकाळी नवं आणि धाडसाचं होतं. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूचं चरित्र मराठी ओव्यांत रचलं आणि ते १६१६ साली गोव्यातल्या राशोल इथे छापलं गेलं. एकोणिसाव्या शतकात नगरच्याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करू लागले, तेही मिशनच्या चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं गायली जात होती त्या काळात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाचा गळा आपल्या उपासनेला दिला. त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचं काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, ज्यांनी शाळा पाहिलेली नव्हती. तुमच्या पंचांना टिळकांची गीतं पाठ असतील. तो मुलगा त्याच वाटेवरचा आहे, हे त्यांना सांगावं लागेल, कारण मुलगा ते स्वतः सांगू शकत नाही. टिळक १९१९ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, तेव्हा त्यांच्या शब्दांना नवी चाल लावायला कोणाची परवानगी लागत नाही. शब्द लिहिणं ज्यांना जमत नाही पण चाल सुचते, त्यांना हे काम द्या. जुने शब्द, नवी चाल: पंचांनाही हा पहिला घास गिळायला सोपा जातो.

गीत शिकवताना घाई नको. पहिल्या रविवारी उपासनेआधी पाच मिनिटं फक्त ध्रुपद, गायनमंडळाने म्हणायचं आणि मंडळीने मागून. उपासनेत ध्रुपद मंडळीचं, कडवी गायनमंडळाची. दुसऱ्या रविवारी पहिलं कडवंही मंडळीचं, आणि असं चौथ्यापर्यंत. त्या महिन्यात दुसरं नवं गीत आणू नका. गीताखाली लिहिणाऱ्याचं नाव, साल आणि शास्त्रपाठ छापा. एक जाड वही ठेवा: शब्द, सरगम, पट्टी, ठेका, कधी म्हटलं, काय बदललं. गीताचा हक्क लिहिणाऱ्याचाच, आणि यूट्यूबवर टाकण्याआधी त्याला विचारायचं, हे दोन ओळींत त्याच वहीत लिहून सही घ्या. पुढची भांडणं इथेच टळतात.

महिन्यातून एका शनिवारी दीड तास बसा. सहा-सात जण पुरे, त्यात एक तरी पन्नाशीच्या पुढचं माणूस हवं. आधी उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, मग अर्धा तास गुपचूप लिहायचं, मग एकमेकांचं वाचायचं. लिहिणाऱ्याने स्वतःचं वाचू नये, शेजाऱ्याने वाचावं. जिथे शेजारी अडखळतो तिथे ओळ कच्ची असते. बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात गायनात निपुण अशा २८८ जणांची मोजणी आहे, आणि त्यांच्या कामाच्या चिठ्ठ्या टाकताना लहान-थोर, गुरू-शिष्य असा भेद केला नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या शनिवारी तेवढं एक पाळा.

त्या मुलाच्या घरी तुम्ही एकट्या जा, चारपाच जणांना घेऊन नको. "परत ये" असं म्हणू नका. त्याच्या गीताची एक ओळ म्हणून दाखवा, जी तुम्हाला खरोखर आवडली आहे. त्यासाठी आधी नीट वाचून जा. मग दोन दुरुस्त्या विचारा, नेमक्या. आणि कामाचा कागद ठेवून या. गीत नक्की घेतलं जाईल असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. दोन जण मन लावून वाचतील, एवढं वचन द्या.

चित्र काढणाऱ्या मुलीची गव्हाणी या वर्षीपासून थांबवा. सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, आणि तिची कला कापाकापीत जाते आहे. तिला कापडी पट द्या, सहा फूट बाय चार फूट. मांजरपाट आणून आधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि धुवा. त्यातली खळ गेली नाही तर रंग धरत नाही आणि कापड नंतर आटतं. वाळल्यावर इस्त्री करून प्लायवर ताणून टाचा, खाली प्लास्टिक घाला. एक वाटी फेविकॉल, तीन वाट्या पाणी आणि अर्धी वाटी व्हाइटिंग पावडर (खडूची पूड) यांचा पातळ हात द्या, वाळू द्या, दुसरा हात आडवा द्या. जाड थर दिला तर पट गुंडाळताना रंगाला भेगा पडतात. रंग ॲक्रिलिकचे. वर आणि खाली तीन इंचांची नळी शिवून काठी घाला, म्हणजे पट वाऱ्याने गोळा होत नाही. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा.

शेवटचा बाक चाळीस फुटांवर असेल तर अक्षर किमान चार इंच उंच हवं. दर दहा फुटांना एक इंच हा हिशेब धरा. चित्रात एकच मोठी गोष्ट असू द्या. घरी टेबलावर सुंदर दिसणारी बारीक नक्षी मागून नुसता डाग दिसते, म्हणून अर्धं काम झाल्यावर पट भिंतीला टांगून दारातून पाहायला सांगा. आगमनकाळ आणि पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळाला जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानाला पांढरा, हा रंगांचा नियम तुमच्याकडे पाळत असतील तर तिला आधी सांगा.

काय काढावं? मिशनरी चित्रांतल्या निळ्या डोळ्यांच्या मरीयेची नक्कल नको. आपल्या मंडळीत ऊसतोडीहून आलेली, डोक्यावर पदर घेऊन बाळाला पाजणारी बाई आहे; तिचे हात पाहून काढू दे. आंजेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) या गोव्याच्या चित्रकाराने मरीयेला साडी नेसवली, तेव्हा गोव्यात त्याला विरोध झाला. पुण्यातल्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्याला जागा दिली, आणि तिथे राहून त्याने काम केलं. आसरा देणारी एक मंडळी मिळाली की चित्रकार तगतो.

मात्र एक गोष्ट सांभाळा. आपल्या अनेक मंडळ्यांना वेदीजवळ येशूची प्रतिमा लावणं, मूर्ती करू नये असं सांगणाऱ्या दुसऱ्या आज्ञेमुळे, खटकतं. तो आक्षेप मनापासूनचा असतो, त्याला मागासलेपणा म्हणू नका. पहिल्या वर्षी माणसाची आकृती नसलेलं चित्र घ्या: भाकरी, गव्हाची लोंबी, विहिरीवरची घागर, कबरीवरून सरकवलेली धोंड. आणि पट वेदीमागे न लावता बाजूच्या भिंतीवर किंवा दारात लावा. साडीतल्या मरीयेसाठी रविवार शाळेची भिंत आहेच.

पैशांचं म्हणाल तर हा सगळा खर्च दर नाताळच्या फ्लेक्स आणि थर्माकोलच्या खर्चातून निघेल. खजिनदारांना सांगून वार्षिक अंदाजपत्रकात "उपासना साहित्य" अशी वेगळी ओळ घाला, रक्कम लहान असली तरी चालेल. दर वेळी हात पसरून मागावं लागलं की दुसऱ्या वर्षी कोणी मागत नाही.

आणि पंच तरीही नाही म्हणाले तर? भांडू नका, गीत थांबवूही नका. घरगुती प्रार्थनासभेत म्हणा, जिथे पंधरा माणसं सतरंजीवर बसतात आणि एक पेटी असते. सलग चार आठवडे तेच गीत म्हणा, एका घरून दुसऱ्या घरी न्या. कोणाच्या तरी आजारी सासूबाईंच्या उशाशी म्हणायला तेच गीत मागितलं जाईल, तेव्हा त्या ज्येष्ठ पंचांनाही त्या घरी बोलावणं असेल. त्यांच्या हातात शब्दांचा कागद द्या, मोठ्या अक्षरांत, खाली मुलाचं नाव लिहिलेला.